पेरलेले तारे

४ मार्च

काय रे पाना, विसरलास ना सगळं? काल घसा सुकेपर्यंत बोलले मी तुझ्याशी, आणि आज पुन्हा कोरं तोंड करून समोर हजर! माझं वय तुला लागलं की काय? ठमी म्हणते, जुनं सगळं आत आहे आजी, बोटाने वर सरकव, दिसेल. दिसून करू काय? मला अक्षर येत नाही. माझ्या लेखी सगळ्या मुंग्या. म्हणून मी बोलायचं, तू लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी तू विसरायचं. जोडा चांगला जमलाय.

तर पुन्हा ऐक. ठमी माझी नात, मुलाची मुलगी. खरं नाव भारदस्त आहे, पण लहानपणी दारात ठाण मांडून बसायची, हलवली तर हलायची नाही, म्हणून ठमी. तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहतो. हा फोन तिचाच, जुना. बटण दाबून माझ्यापुढे ठेवते आणि कामाला जाते. काम काय? तारे मोजते. हो, मोजते. एवढी घोडी झाली, अर्धं आयुष्य शिकण्यात घातलं, ते ह्यासाठी.

५ मार्च

आज विचारलं, मोजतेस म्हणजे नक्की काय करतेस. चूक केली. भाजी चिरताना ती जी सुरू झाली, ती भाजी करपेपर्यंत थांबली नाही.

तारा एकटा जन्मत नाही म्हणे. धुळीचा एक प्रचंड ढग आकसतो आणि त्यातून पिल्लावळच बाहेर पडते — हजारोंनी, एकमेकांच्या अंगावर रेलून. त्यातले थोडे जड, बाकीचे हलके. एका जडामागे शेकडो हलके. कुठलीही पिल्लावळ बघा, हे प्रमाण जवळपास तेच. का तेच? ते कोणालाच सांगता येत नाही! जड असतात ते भसाभस जळतात, झगमगाट करतात आणि लवकर संपतात. हलके मिणमिणत बसतात, पण टिकतात. मी म्हटलं, ह्याला दुर्बीण कशाला लागते, कुठल्याही लग्नघरात जाऊन बस. ती म्हणाली, आजी, तुला सगळं आधीच ठाऊक असतं. मी म्हटलं, असतंच.

करपलेली भाजी मुकाट खाल्ली दोघींनी.

७ मार्च

ठमीच्या साहेबांना मी दाढी म्हणते. तोंडावर नाही. तोंडावर 'सर' म्हणते, पण असं म्हणते की त्यांना दाढीच ऐकू यावं.

हे दाढी वीस वर्षं एकच गोष्ट सांगत आलेत. जिथे पिल्लावळ फारच दाटीवाटीची असते, तिथे ते प्रमाण मोडतं. तिथे जड तारे हवेत त्यापेक्षा जास्त जन्मतात. झालं, एवढंच. ह्या एका वाक्यावर माणसाला मोठी खोली, खोलीला खिडकी, आणि देशोदेशीची आमंत्रणं! मी रोज शंभर वाक्यं बोलते, मला कोणी चहा विचारत नाही.

आणि आमची ठमी म्हणते, ते वाक्य चूक आहे. हलके तारे तिथेही तेवढेच आहेत, फक्त दिसत नाहीत. समोरून गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की रस्त्याकडेचं मांजर दिसत नाही, तसे ते जडांच्या उजेडात बुडतात. मी म्हटलं, बाई गं, ज्यांच्या हाताखाली काम करतेस त्यांच्याच वाक्याला हात घालतेस? बसल्या फांदीवर कुऱ्हाड? तर म्हणे, सरांनीच सांगितलंय तपासायला.

सांगतात सगळेच. तपासलेलं कोणाला आवडतं?

१० मार्च

बुडालेले किती, हे कसं कळणार? ऐक ह्या शिकलेल्या लोकांची रीत. आकाशाचं चित्र घ्यायचं आणि त्यात आपणच खोटे तारे पेरायचे! किती पेरले, कुठे पेरले, ते आपल्याला ठाऊक. मग संगणकाला म्हणायचं, शोध. शंभर पेरले आणि चाळीसच सापडले, तर समजायचं की खऱ्यांतलेही शंभरातले चाळीसच हाती लागतात, साठ बुडतात. मग खऱ्यांचा आकडा त्या हिशेबाने वाढवायचा.

मी म्हटलं, म्हणजे हरवलेलं पोर शोधायला आधी आणखी चार पोरं हरवायची.

ठमी म्हणाली, अगदी बरोबर, आजी! खूश झाली. मी टोमणा मारला होता.

१६ मार्च

सूनबाईचा फोन. ठमीची आई ती. दातांची डॉक्टर आहे. माझे वरचे सगळे दात तिनेच काढले, खालच्यांवर अजून डोळा आहे. म्हणे, आई, त्या जिन्यांवर किती दिवस चढउतार करणार, इकडे या, आराम करा.

तिच्या घरचा आराम मी पाहिलाय. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवतात, मांडीवर शाल टाकतात आणि सगळे आपापल्या कामाला जातात. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की 'आई, तुम्ही कशाला.' पाहुणे आले की माझ्यासमोर माझी तब्येत त्यांना सांगतात. गाठोडंसुद्धा बरं, कधीतरी कोणी उघडून बघतं.

पण मी नाही म्हणत असते ते कशाच्या जोरावर, तेही सांगून ठेवते. दूर डोंगरावर मोठी दुर्बीण आहे. तिथे एक नोकरी निघालीय. नोकरीबरोबर पायथ्याला दोन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं, घरचं माणूस बरोबर ठेवता येतं. ठमीने शब्द दिलाय, नोकरी लागली की तू माझ्याबरोबर. नाही लागली तर ही जागा उन्हाळ्यात सोडावी लागेल, कारण ती ठमीच्या संस्थेची आहे आणि तिचं इथलं काम तेव्हा संपतं. मग ठमी कुठेतरी आणि मी खुर्चीत.

आणि नोकरी कोणाला द्यायची, ते ठरवताना कोणाचा शब्द चालणार? दाढींचा.

२२ मार्च

मोजणी झाली. ठमीचंच खरं निघालं — दाटीतही हलके तारे हवे तेवढे आहेत. दाढींनी ते कागद घेतले आणि खोलीचं दार लावून घेतलं. जेवायलाही बाहेर आले नाहीत म्हणे. मी मनात पायथ्याच्या खोल्यांना रामराम ठोकला.

संध्याकाळी ठमी धावत वर आली. दाढी म्हणाले, तू बरोबर आहेस. सगळ्यांसमोर सांगू या.

ह्यात काहीतरी काळंबेरं असणार.

२९ मार्च

गेले मी त्यांच्या संस्थेत. बघावं तरी, मोठी माणसं माघार कशी घेतात. खुर्च्या अशा की हाताला लाकडी फळी, ती उचलल्याशिवाय उठता येत नाही — पळून जाऊ नये म्हणून असावी. यंत्रातली कॉफी, जळक्या दोरीच्या चवीची. जमलेले सगळे पाठीत वाकलेले. आणि दाढींचे पायमोजे दोन रंगांचे!

ठमीने आकडे दाखवले. मग दाढी उठले. वाटलं, आता गुळगुळीत बोलतील, तिचंही खरं आणि माझंही खरं असं काहीतरी. ते म्हणाले, "वीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगत आलो. हिने ते मोजून दाखवलं." आणि बसले.

मग टाळ्या.

सुंभ जळला तरी पीळ राहतो, असंच मी आयुष्यभर पाहिलंय. सुंभही गेला आणि पीळही गेला, असा माणूस पहिल्यांदा पाहिला. तरी मी काही टाळी वाजवली नाही. फळी आडवी येत होती. मी पायथ्याच्या स्वयंपाकघरात फळ्या कुठे ठोकायच्या ते ठरवत होते.

३ एप्रिल

आज काय झालं ते लिही, पाना, आणि हे मात्र विसरलास तरी चालेल.

ठमीने चित्र छापून आणलं, दाराएवढं. त्यात फक्त हलके तारे, प्रत्येकाचा एक ठिपका. टेबलावरच्या भिंतीला चिकटवलं. मग चहाचा कप घेऊन उलट्या पावली स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, लांबून कसं दिसतं ते बघायला. आणि थांबली. कप कलंडला, चहा फरशीवर सांडत होता, हिला शुद्ध नाही. मला वाटलं, भिंतीवर पाल आहे.

पाल नव्हती. मधले ठिपके ओळीत उभे होते. आडव्या ओळी, उभ्या ओळी, मध्ये सारखं अंतर, शाळेच्या कवायतीला पोरं उभी करावीत तसे. आकाशात कोणी ओळीत उभं राहत नाही म्हणे. ओळीत उभे असतात ते पेरलेले. खोटे तारे एकमेकांना धक्का देऊ नयेत म्हणून ते असे सारख्या अंतरावर पेरतात.

हिच्याकडे दोन चित्रं होती, एक कोरं, एक पेरलेलं. मधल्या भागाची शेवटची मोजणी हिने पेरलेल्या चित्रावर केली! आपलेच खोटे तारे खरे म्हणून मोजले. वर बुडालेल्यांसाठी तो आकडा वाढवला तो वेगळाच. आपणच पेरायचं, आणि उगवलं म्हणून आपणच नाचायचं!

मी हसले. पोट धरून हसले. मग तिचं तोंड पाहिलं आणि फडकं घेऊन फरशी पुसायला बसले.

४ एप्रिल

सकाळी मीच विषय काढला. म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, आजी."

"ते तारे येणार आहेत का तक्रार करायला?"

"तारे नाही येणार. पण सर उभे राहिले सगळ्यांसमोर. माझ्या चुकीवर उभे राहिले."

"राहिले उभे, मग बसलेही. आता पुन्हा कशाला उठवतेस त्यांना?"

ती कप विसळत राहिली, तोच तो एक कप. मग पाठमोरीच म्हणाली, "तुला त्या पायथ्याच्या खोल्या हव्यात ना?"

मी का लपवू? म्हटलं, "हव्यात. तुझ्या आईच्या खुर्चीत मला मरायचं नाही."

ह्यावर तिने नळ बंद केला आणि दुसऱ्या खोलीत गेली. मला वाटलं, पटलं.

५ एप्रिल

पटलं नव्हतं. गेली सांगायला. हात दाखवून अवलक्षण.

६ एप्रिल

दाढी आज घरी आले. तिन्ही जिने चढून, धापा टाकत. मी डुगडुगणारी खुर्ची पुढे केली आणि पाणी विचारलं नाही. तमाशा करायला आलेल्या माणसाला पाणी कशाला?

ते खुर्चीवर बसलेच नाहीत. सरळ भिंतीकडे गेले आणि चित्राला नाक लावून उभे राहिले. मग म्हणाले, "रांगा मात्र सुरेख आहेत." आणि हसायला लागले. डोळे पुसेपर्यंत हसले. काय पुसत होते, देव जाणे.

ठमी म्हणाली, सर, माझ्यामुळे तुम्ही चारचौघांत चुकीचं बोललात. तर म्हणाले, "तुझ्यामुळे नाही. मला बरीच वर्षं आतून शंका होती. काहीतरी निमित्त हवं होतं." मग सांगत बसले. ह्यांनी पहिली मोजणी केली तेव्हा मधल्या दाटीत खोटे तारे पेरलेच नव्हते. बुडालेले किती असतील, ते अंदाजाने धरलं. आणि त्या अंदाजावर वीस वर्षं खिडकीची खोली!

मग विचारलं, कोऱ्या चित्रावर मोजलं तर काय येतं? ठमीने काल सांगून आल्यावर रात्रभर तेच केलं होतं. उत्तर आलं — काहीच नाही. मधल्या भागात उजेड इतका की पेरलेलेही परत मिळत नाहीत. दाढींचं खरं असू शकतं, ठमीचंही खरं असू शकतं. दोन्ही उत्तरांमधल्या फटीतून हत्ती जाईल, अंबारीसकट. ह्यांची उभी हयात, हिची सगळी तरुण वर्षं, आणि पदरात काय? 'माहीत नाही.' ह्यांना पगार कोण देतं, त्याला एकदा भेटायचंय मला.

दोघं तिथेच जमिनीवर बसून, खोटे तारे कसे पेरले म्हणजे पुन्हा असा घोटाळा होणार नाही, ते बोलत बसले. भांडणार नाहीत असं दिसलं, तेव्हा पाणी दिलं. दोन पेले प्याले.

१४ एप्रिल

ठमी त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर उभी राहिली आणि ओळीतले ठिपके दाखवले. दाढी म्हणत होते मी सांगतो, तिने सांगू दिलं नाही. मी गेले नाही. गुडघ्याचं निमित्त केलं.

मागच्या रांगेतलं कोणी खो खो हसलं म्हणे. आणि दोघेजण मध्येच उठून घाईघाईने बाहेर गेले — आपापली चित्रं तपासायला! हे सांगताना ठमी पहिल्यांदा हसली.

२५ एप्रिल

नोकरी दुसऱ्याला मिळाली. दाढींनी हिच्यासाठी शब्द टाकला होता. बाकीचे म्हणाले, मुलगी प्रामाणिक आहे, पण निष्काळजी आहे.

आहेच निष्काळजी. पण हे मी म्हणायचं, त्यांनी नाही.

९ मे

दाढी पुन्हा जिने चढले. (आता चांगली खुर्ची देते. जीव गेला इथे तर निस्तरायचं कोणी?) डोंगरावरच्या त्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा बसतोय. त्यातून ठिपके इतके बारीक दिसतात की उजेडात बुडणारे पुष्कळसे वर येतील. दाढींना तिथे एका हंगामाची वेळ मिळालीय. ती फट बुजवायची तर आत्ताच. ठमीने बरोबर यावं म्हणतात. नोकरी नाही, नुसता खर्चापुरता पैसा. राहायला लांबलचक खोली, पलंगावर पलंग, न्हाणीघर सगळ्यांत एक. घरचं माणूस चालत नाही.

ठमीने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. नाही म्हणाली. "आजीला कुठे ठेवू?"

कुठे ठेवू! मी काय कपाट आहे?

दाढींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. जाताना दारात थांबून ठमीला म्हणाले, "तुझ्याशिवाय मी पुन्हा अंदाजच धरीन." म्हातारा लबाड आहे.

ती दिवसभर त्या चित्रासमोर बसून होती. काढलेलं नाही अजून भिंतीवरून.

१२ मे

ऐक पाना, नीट लिही. ठमी इथेच बसलीय, कपड्यांच्या घड्या करत. ऐकू दे तिला.

मला ह्या दोन खोल्यांचा वीट आलाय. तीन जिने. नळाची करंगळीएवढी धार. शेजारचा दिवसभर भिंतीत खिळे ठोकतो, काय टांगतो कोण जाणे. आणि उठता बसता तारे, तारे, तारे! माझ्या मुलाकडे लिफ्ट आहे. खिडकीतून रस्ता दिसतो, माणसं दिसतात. सूनबाई इतक्यांदा बोलावते, मीच मेली आडमुठी. सकाळी मी स्वतः तिला फोन लावायला सांगितला आणि म्हटलं, येते, कायमची येते.

ठमी आत्ता विचारते, "खरंच, आजी?"

मी म्हटलं, मी कशाला खोटं बोलू? मला काय तुझ्यासारखं पेरायचंय आणि मोजायचंय?

२० मे

गेली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून वर बघत होती. मी हात हलवला नाही. हातात झाडू होता.

३ जून

पाना, तुझं बटण आता सूनबाई दाबते. आज तिने दवाखाना लवकर बंद केला. माझ्या खुर्चीशेजारी खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "आई, तुम्हाला इथे यायचं नव्हतं. ठमीने विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं, सांग, सासूबाई रमल्यात, हाक मारली तरी खिडकीतून हलत नाहीत. एवढं जमेल ना? ती हसली नाही. म्हणाली, जमेल. आणि तिथेच बसून राहिली.

उद्या डोंगराकडे सामानाची गाडी जातेय. काय पाठवू, विचारत होती. सूनबाई, शेंगदाणे पाठव, भाजून, सालं पाखडून — तिला तेवढीही सवड नसते. लसूण घालून तिखट कर, बरणीचं तोंड फडक्याने बांध. थोडे खजूर घाल. आणि दाढींचा डबा वेगळा भर, मऊ खाण्याचा आणि मोठा. नाहीतर ती कार्टी आपलं सगळं त्यांनाच देऊन टाकेल.